शाळेले नावं ठेवाले या

गोड बोलणाऱ्या पालकाला मी जन्मभर भीत आले. भांडणाऱ्याला कधी भ्याले नाही. ऑफिसच्या दारात उभं राहून "हे काय चालू हाय, बाई? लेकरायले प्याले पाणी नाई, न् तुमी झेंडे लावून राह्यल्या!" असं जो ओरडतो, त्याला मी खुर्ची देते, चहा सांगते आणि मनातल्या मनात हुश्श करते. हा माणूस कुठे जात नाही. त्याला या शाळेकडून अजून काहीतरी हवं आहे. पण जो चप्पल बाहेर काढून आत येतो, हात जोडतो आणि म्हणतो, "काई नाई बाई, सगळं चांगलं हाय," त्याच्या खांद्यावरून मी आधी रस्त्यावर पाहते. पिवळी व्हॅन उभी आहे का?

आमचे मिस्टर म्हणतात, "तू मास्तरीण कायची, तू त ठाणेदारीण." म्हणोत. संशयाशिवाय जिल्हा परिषदेची शाळा चालवून दाखवावी कोणी. मी चालवली ती मंगरूळपीरच्या जवळच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं हे वाचतील आणि मला नावं ठेवतील. ठेवोत बापडी, त्याचीच तर ही गोष्ट आहे.

बाहेरच्यांना वाटतं, प्राथमिक शाळा म्हणजे पाढे, बडबडगीतं आणि खिचडी. आमच्या लेखी शाळा म्हणजे पट. पट म्हणजे हजेरीत नाव असलेली लेकरं. आईबाप शाळेत नाव टाकतात, वर्षभर शाळेला नावं ठेवतात आणि एक दिवस नाव काढून नेतात. आमची सगळी नोकरी या नावाभोवती फिरते. पट घसरला की वरून एक शिक्षक उचलतात. दोन शिक्षकांची शाळा एकाची होते, चारही वर्ग एकाच्या गळ्यात पडतात, मग उरलेल्या आईबापांनाही ती शाळा नकोशी होते. स्वेटरचा एक टाका सुटावा तसं असतं ते. आणि तो टाका ओढायला मंगरूळहून कान्व्हेंटची पिवळी व्हॅन गावात येतच असते. आमच्याकडे इंग्रजी शाळा कोणाचीही असो, तिला कान्व्हेंटच म्हणतात. व्हॅनचा ड्रायव्हर मोठा गोड माणूस. कोणाच्याही ओसरीवर बसून चहा पिणार, लेकराला गोळी देणार. मी त्या माणसाला कधी हसताना पाहिलं की आधी हजेरी काढून नावं मोजायची.

आता पालकांचं म्हणणं ऐकून घ्यावं असा वरून कागद येतोच. त्यात शब्द असतो 'अभिप्राय'. मी पालकसभेत उभी राहून विचारायची, "शाळेबद्दल आपला अभिप्राय काय?" सगळे पायाच्या अंगठ्याकडे पाहायचे. एकदा एक आजोबा म्हणाले, "बाई, थे आमच्या घरी नाई. शेजारी विचारून पाहा." मग कोणीतरी म्हणायचं, चांगलं हाय, आणि सगळे माना डोलवायचे. हीच मंडळी शाळेतून उठून मारोतीच्या ओट्यावर बसली की शाळेची सालं काढायची. बाईचं हे असं, सरायचं थे तसं. हे मला कळायचं गोदाबाईकडून. गोदाबाई आमची खिचडी शिजवायची. मी तिच्यावरही संशय धरून होते, कारण जी तिकडचं इकडे आणते ती इकडचं तिकडे नेणारच. नेतच होती.

तक्रारपेटीही लावली होती. तिच्यात सुपारीच्या रिकाम्या पुड्या निघायच्या, आणि एकदा सरडा निघाला. जिवंत.

या सगळ्यात तोंडावर बोलणारी बाई एकच होती, दुर्गा. गावाला लागून ओढ्याच्या काठी माळ्यांचे मळे आहेत. तिथे ती, तिचा नवरा आणि दीर-जावा मिळून भाजीपाला करायचे, पहाटे काढून मंगरूळच्या बाजारात न्यायचे. तिची पोरगी समीक्षा आमच्याकडे तिसरीत होती. पालकसभा आहे म्हटलं की दुर्गा म्हणायची, "पालक त आमच्या मळ्यात लय हाय बाई, कोणता आणू?" आणि रिकाम्या हातानं कधी यायची नाही. तक्रार घेऊनच यायची. संडासाची कडी लागत नाही. टाकीत शेवाळ झालं. तुमी स्वतः बुधवारी उशिरा आल्या, म्या पाह्यलं. मी चिडायचे, पण कडी बसवून घ्यायचे, टाकी घासून घ्यायचे, आणि बुधवारची बस सोडून आधीची धरायचे. शाळा सुधारते ती अशी, मानहानीच्या हप्त्याहप्त्यानं.

त्याच वर्षी आमच्याकडे कदम सर आले. साताऱ्याकडचा पोरगा, पहिलीच नोकरी, इतक्या लांब. उंच, इस्त्रीचा शर्ट, मंगरूळला खोली करून राहिलेला. मी पहिली-दुसरी घ्यायचे, त्यांच्याकडे तिसरी-चौथी दिली. पोरगा कष्टाळू होता. इतका कष्टाळू की मला संशयच आला, हा बदलीची वाट पाहत दिवस का काढत नाही इतरांसारखा? पण नाही, त्याला शिकवायचंच होतं.

ते आल्याच्या पहिल्याच महिन्यात दुर्गा शाळेत आली. मी नव्हते. तिनं सरांनाच गाठलं.

"सर, खिचडीत सांबार काहून नाई टाकत तुमी? लेकरं नुसती चिवडून ठेवतात."

सर माझी वाट पाहत फाटकात उभेच होते. "मॅडम, गंभीर आहे," म्हणाले. "पालक सांबार मागतात. शासनाच्या यादीत सांबार नाही. आज सांबार दिलं तर उद्या इडली मागतील."

मी चेहरा सरळ ठेवला आणि म्हटलं, "बघू या." त्यांना दुपारपर्यंत काळजीत राहू दिलं, खोटं कशाला बोलू. मग गोदाबाईनं त्यांना सांगितलं की आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. बिचारे कानापर्यंत लाल झाले. दुसऱ्या दिवसापासून समीक्षा रोज सकाळी दप्तरातून सांबारची एक जुडी आणून गोदाबाईच्या हातात द्यायला लागली. तक्रार करणारीनंच तक्रार मिटवली. आणि संध्याकाळी शाळा सुटली की ही पोरगी फाटकाच्या दांड्यावर चढून अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडायची, "बाईऽ, मी येतोऽ!" मी ऑफिसातूनच म्हणायची, "येजो व माय." ही आमची रोजची घंटा होती म्हणा.

दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की दुर्गा बऱ्याच दिवसांत भांडली नाही.

फाटकात भेटली तर म्हणाली, "बरं चालू हाय बाई." टाकीचा नळ गळत होता, तिच्या डोळ्यांसमोर गळत होता, तिनं पाहिलं आणि नजर वळवली. मी मुद्दाम म्हटलं, "नळ गळतो बघा."

"गळाचाच बाई. नळच थो."

ही आमची दुर्गा नव्हे. वर आणखी एक, सांबारच्या एका जुडीच्या आता दोन जुड्या यायला लागल्या. घर सोडणारा माणूस शेजाऱ्यांशी कसा जास्तच गोड वागतो, तसं वाटलं मला. त्यात गोदाबाई म्हणाली, "व्हॅनवाला मळ्याकडे जाऊन राह्यला बाई आताशा." संपलंच. समीक्षा गेली की तिच्या दोन्ही काकांची लेकरं जाणार. मळ्यातली लेकरं एका पिशवीतली, एक निघालं की सगळी निघतात. ती गेली की कदम सर जाणार. मग मी आणि गोदाबाई, आणि सरडा.

मेथी घ्यायच्या निमित्तानं मी मळ्यात गेले. बांधाजवळ पिवळी व्हॅन उभी! ड्रायव्हर पिशवीभर वांगी घेऊन निघतच होता. मला पाहून हसला.

"भाजी न्याले येते थो," दुर्गा म्हणाली.

मी काही विचारलंच नव्हतं.

चहा झाला. मी इकडून विचारलं, तिकडून विचारलं. शाळा कशी, चांगली. खिचडी कशी, लय चांगली. सर कसे?

"सर त लय चांगले. शिस्तीचे हायत." आणि ती विहिरीकडे पाहायला लागली.

समीक्षा ओसरीत पालकाच्या जुड्या बांधत होती. मी म्हटलं, "काय व समीक्षा, अभ्यास झाला?" तिनं मान हलवली. "पाढे कुठपर्यंत आले?" तिनं बोटं दाखवली. "घसा बसला का गं?" तिनं मान खाली घातली. नाव समीक्षा आणि तोंडातून शब्द नाही!

"अशीच हाय आताशा," दुर्गा म्हणाली. "बोलत नाई."

निघताना मी मळ्याच्या टोकापर्यंत दहादा मागे वळून पाहिलं. पोरगी बांधावर उभी होती, मला पाहत होती, पण ओरडली नाही. तेव्हा मला चमकलं की फाटकावरची ती आरोळीही बंद झाली आहे. कधीपासून, ते काही आठवेना. रोजची घंटा बंद पडली आणि मी, ठाणेदारीण म्हणवणारी, मला पत्ता नाही.

मग मी सगळ्यांवर संशय घेतला. घरात कोणी मारतं का, कोणी काही बोललं का, आणि शेवटी, सर मारतात का? दुसऱ्या दिवशी माझ्या लेकरांना चित्रं काढायला बसवलं आणि तिसरी-चौथीच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिले. मोठ्या बाईनं, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, असं चोरून ऐकू नये म्हणतात. मी ऐकलं.

सर कविता शिकवत होते. छान शिकवत होते. मध्येच एक मुलगी उठली. "सर, मी पाणी पिऊन येतो."

सगळा वर्ग एका सुरात, "येतोऽऽ!"

सर हसून म्हणाले, "मुलगा आहेस की मुलगी?"

"मुलगी!" वर्ग म्हणाला.

"मग काय म्हणायचं?"

"येतेऽऽ!"

ती पोरगीही हसली, "येते" म्हणाली आणि पळाली. मार नाही, राग नाही, सगळं हसतखेळत. मग समीक्षानं करंगळी वर केली. सर म्हणाले, "तोंडानं विचार बाळा." ती उभी राहिली. तोंड उघडलं. मिटलं. सगळा वर्ग तिच्याकडे पाहत होता, हसायच्या तयारीनं. ती खाली बसली, गुडघे घट्ट जुळवून. तास संपेपर्यंत तशीच बसली, आणि सुट्टी झाल्याबरोबर जी पळाली संडासाकडे, मला खिडकीखाली उभ्या उभ्या रडूच आलं.

ज्यांना आमच्याकडचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या वऱ्हाडात बाईमाणूसही 'मी येतो, मी जातो, मी आलो' असंच म्हणते. आजीही तसंच, नातही तसंच. त्यात कोणी पुरुष होत नाही. पुस्तकात मात्र 'येते' असतं.

सरांना मी त्या दिवशी बसवून विचारलं. ते गोंधळले. "मॅडम, मी रागावत नाही कधी. पण पुस्तकात 'येते' आहे. उद्या मोठ्या शाळेत गेल्यावर यांना सगळे हसतील. त्यापेक्षा इथं आपल्या घरात हसून सुधारलेलं बरं नाही का?"

खोटं नव्हतं ते. मला हसले होते ना! अकोल्याला डी.एड.ला गेले तेव्हा वसतिगृहातल्या मुली माझं 'येतो' ऐकून लोळल्या होत्या. आठवड्याभरात मी 'येते' म्हणायला शिकले. सुट्टीत घरी गेले आणि परत निघताना मायला म्हटलं, "येते मी." माय दारात उभी होती. म्हणाली, "शिकली व माही पोरगी." त्यात कौतुक होतं असं मी इतकी वर्षं समजत आले. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचाही संशय आला.

आता मी मोठी बाई होते, सरांना हुकूम देता आला असता. पण हुकमानं बदललेला मास्तर वर्गात बदलत नाही, फक्त मोठ्या बाईसमोर बदलतो. हे त्यांना आईबापांनी सांगायला हवं होतं, आणि ज्या बाईनं सांगायचं ती गोड बोलायला लागली होती.

पालकसभा ठरलेलीच होती. विषय, अभिप्राय. मी परिपाठाला उभी राहिले आणि लेकरांना म्हटलं, "आज घरी जाऊन सांगा, बाईनं निरोप देला, उद्या शाळेले नावं ठेवाले या. असतील नसतील तेवढी घेऊन या."

लेकरं टाळ्या वाजवायला लागली. सर माझ्या कानाशी आले, "मॅडम, असं अधिकृतपणे..."

"तुमी सतरंज्या काढा सर," मी म्हटलं, "पुरणार नाहीत."

नाहीच पुरल्या. अभिप्रायाला कधी न फिरकलेलं गाव नावं ठेवायला लोटलं. ज्यांची लेकरं कॉलेजात गेली तेही आले. पहिल्यांदा हसाहशी झाली, मग एकानं तोंड उघडलं आणि धरण फुटलं. घंटा वेळेवर होत नाही. बाई पहिलीच्या लेकराले लय लिहायले देतात. सर मोबाइलवर बोलतात. (ते आईशी बोलायचे, मधल्या सुट्टीत, पण मी मध्ये बोलले नाही.) गोदाबाई आपल्या नातवाले खालची खरवड देते. गोदाबाई म्हणाली, "देतो मंग! माह्याच हातची हाय!" मी नुसती ऐकत होते. सुख वाटत होतं. एवढी माणसं भांडत होती, म्हणजे एवढी माणसं राहणार होती.

दुर्गा मागे, खांबाला टेकून बसली होती. समीक्षा तिच्या मांडीशी. मी म्हटलं, "दुर्गाबाई, तुमी काही ठेवा की."

"माह्यं काई नाई बाई. सगळं चांगलं हाय."

मी खाली बसले. झालं, गेली ही.

आणि तेवढ्यात कदम सर उठले. त्यांना वाटलं, सगळे मोकळं बोलताहेत तर आपणही बोलावं. "माझीही पालकांना एक विनंती आहे," ते म्हणाले. "आम्ही इथं शुद्ध भाषा शिकवतो. पण घरी आई, आजी 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मुलींना तीच सवय लागते. तर घरी महिलांनीसुद्धा जरा..."

"सर." दुर्गा उभी राहिली होती. पदर कमरेला खोचलेला. "मले एक सांगा. मी तुमाले बाप्या दिसतो का?"

बायका फिस्सकन हसल्या. सर म्हणाले, "नाही, नाही, तसं नाही..."

"दोन लेकरं जन्माले घातली म्या. अन् मी 'बजारात जातो' म्हणलं त माही पोरगी मले म्हणते, आई, तू बाई हाय का माणूस? सासूले हसली माह्या. म्हातारी हसण्यावारी नेते, पण तिनं पोरीसंगं बोलणं सोडलं. मंग पोरीनंबी सोडलं. तुमचं बोलाले भेते, आमचं बोलाले लाजते. मुकी झाली, सर. सांज झाली का फाटकावरून वरडे, मळ्यात आयकू ये मले. पाणी सोडून उभी राहो मी आयकत. दोन महिने झाले, आयकलं नाई म्या."

सर होते तिथेच सतरंजीवर बसले.

"मला वाटलं, मी चांगलंच करतोय," ते म्हणाले.

"चांगलंच करून राह्यले सर तुमी. म्हणून त बोललो नाई मी. मास्तर चांगला, अन् लेकरू बिघडून राह्यलं, मंग कोनाले नाव ठेवू? म्हणलं, आपणच नाव काढून घ्यावं. व्हॅनवाल्याले सांगून ठेवलं. सोमवारी नाव काढाले येणार होतो."

बघा! माझा संशय खरा होता. खरा निघाल्याचा आनंद मात्र पहिल्यांदाच झाला नाही. मी विचारलं, "अन् आता?"

दुर्गानं सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गळक्या नळाकडेही पाहिलं. "आता पाह्यतो," म्हणाली, आणि पोरीचा हात धरून निघून गेली.

पाहते म्हणजे काय, ते तीच जाणे. सोमवारी मी सकाळपासून फाटकाकडे डोळे लावून बसले. समीक्षा आली. सांबारची जुडी एकच होती. जिवात जीव आला.

सरांनी त्या दिवशी फळ्याचे दोन भाग केले. एकीकडे लिहिलं 'घरचं', एकीकडे 'पुस्तकातलं'. मी येतो, मी येते. मले, मला. लेकरांना म्हणाले, "पुस्तकातलं मी तुम्हाला शिकवतो. घरचं तुम्ही मला शिकवा. पेपरात पुस्तकातलं लिहायचं. आणि हसायचं कोणी कोणाला नाही." सांगायला सोपं. मी पुन्हा खिडकीखाली जाऊन उभी राहायची, माझ्यासमोर एक आणि वर्गात एक चालतं का ते पाहायला. नव्हतं चालत. इतर मुली हळूहळू पूर्वीसारख्या बोलायला लागल्या. समीक्षा मात्र करंगळीच दाखवायची, आणि सर आता लगेच जा म्हणायचे. पण शब्द नाही. थंडी सरली, उन्हाळा आला, चौथीत गेली, पावसाळा लागला. शब्द नाही. दुर्गा फाटकात यायची, माझ्याकडे पाहायची, आणि न विचारता जायची. तिचं "पाह्यतो" अजून संपलेलं नव्हतं.

मग एक दिवस मला माझ्या वर्गात बसल्या बसल्या भिंतीपलीकडून मोठा हसण्याचा आवाज आला. धावत गेले. झालं होतं असं की मी सरांना माझ्या वर्गातूनच हाक मारली होती आणि सर वर्गाला म्हणाले होते, "बसा रे शांत. मी आत्ता येते."

स्वतःबद्दल! सहा फुटांचा बाप्या! वर्ग गप्प. हसायचं नाही असा नियम, तोही सरांचाच. सगळी लेकरं गाल फुगवून बसली. आणि त्या शांततेत मागच्या ओळीतून आवाज आला, बारीक, बऱ्याच दिवसांनी वापरलेला.

"सर, तुमी पोरगी हाय का?"

समीक्षा बोलली होती. सर हसायला लागले ते टेबलाला धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सगळा वर्ग सुटला. मी दारात उभी. कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता ही सरांची जीभ घसरली, की त्यांनी मुद्दाम घसरवली? मी त्यांना विचारलं. शपथेवर सांगतात की घसरली, येतो-येते, येतो-येते करून डोकंच फिरलं होतं म्हणे. पुढे त्यांची बदली झाली तेव्हा निरोपाच्या दिवशीही विचारलं. तेच उत्तर, आणि हसले. मला आजही संशय आहे.

त्याच दुपारी पाणी प्यायच्या वेळेला समीक्षा उभी राहिली. सरांकडे टक लावून पाहत म्हणाली, "सर, मी पाणी पिऊन येतो."

सर म्हणाले, "ये."

एवढंच. संध्याकाळी फाटकाचा दांडा करकरला आणि अख्ख्या गावाला ऐकू गेलं. मळ्यातही गेलं असेल. दुसऱ्या दिवशी दुर्गा आली ती थेट ऑफिसात. "बाई, वर्ष होत आलं, नळ गळून राह्यला. काई लाज?" मी त्याच दिवशी तोटी बदलून घेतली. वार्षिक परीक्षेत पोरीनं 'मी येते' लिहिलं, अक्षरही सुरेख. दोन्ही येत होतं तिला. मला दोन्ही कधी आलं नाही. एक आलं, ते दुसरं टाकून.

चौथी संपली की आमच्या शाळेतून प्रत्येकाचं नाव काढावंच लागतं, पाचवी दुसरीकडे. माझीही निवृत्ती त्याच उन्हाळ्यात. दुर्गा दाखला न्यायला आली, समीक्षा सोबत. मी सही केली, शिक्का मारला आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "नाव काढ हो माय."

दुर्गा म्हणाली, "आत्ताच त काढलं न बाई."

मग ती इकडेतिकडे पाहत म्हणाली, "अन् थे मुताऱ्यायचं छप्पर पाहा जरा. जूनमधी लहान्याचं नाव टाकाचं हाय." मला इतकं बरं वाटलं! बाई अजून भांडत होती.

दोघी निघाल्या. समीक्षा आता दांड्यावर चढण्याएवढी लहान राहिली नव्हती, तरी चढली. "बाईऽ, मी येतोऽ!"

मी ऑफिसला कुलूप लावत होते. शेवटचंच. 'येजो' म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं दुसरंच. "हो माय," मी म्हटलं, "मीबी येतो."

दुर्गा फाटकातून परत फिरली. डोळे बारीक केले. "काहून बाई, आमाले हसून राह्यल्या का?"

"नाई व दुर्गा," मी म्हटलं. "माही मायबी असंच म्हणे."